खामफुईच्या घरचा खेन

मित्रांनो, मी लाओस देशातला एक जुना खेन आहे. बांबूच्या सोळा नळ्या, लाकडाची पोकळ पेटी आणि फटींत काळं मेण. श्वास आत घ्या की बाहेर सोडा, मी वाजतो. शेवटचा नीट वाजलो तो अगदी साध्या सकाळी.

माझा धनी खामफुई ओट्यावर बसून चिनी गाण्याची चाल शोधत होता. त्याची नात पेची चिनी नववर्षाच्या समारंभात तेच गाणार होती.

"आजोबा, तुमचं ऐकून ड्रॅगन पळून जाईल!"

"पळू दे. कोण वाजवतंय म्हणून वळून तरी बघेल." मग तो मुलीकडे वळला. "मालीवान, संध्याकाळी गातेस माझ्यासोबत? तुझ्या आईची चाल?"

"बाबा, आज माझा चिनीचा वर्ग आहे. उद्या बघू."

"तुझा उद्या चिनी पंचांगातला. आमच्याकडे उगवतच नाही!"

ती हसून निघून गेली. दुपारी खामफुई शेताच्या बांधावर कोसळला, तो उठलाच नाही.

त्याने मला तरुणपणी स्वतःच्या हातांनी घडवलं होतं. आमच्याकडे शव घरात असेपर्यंत गाणं-बजावणं थांबवत नाहीत. गेलेल्याला एकटं वाटू नये म्हणून. गावातल्या प्रत्येक मरणाला आम्हां दोघांना बोलावणं असे. पुढे डोंगर पोखरून चिनी रेल्वे आली. स्टेशनाजवळ चिनी भाषेची शाळा निघाली, लाल कंदील लागले. मालीवान तिथे शिकवू लागली. त्या पगारावर घर उभं राहिलं, मी वाईट कसं म्हणू? पण खामफुईकडे शिकायला येणारी मुलं एकेक करून तिच्या वर्गात जाऊन बसली, आणि मी बहुतेक खुंटीवरच राहिलो.

आता खुद्द खामफुईसाठी वाजवणारं कोणी नव्हतं. शेजारचे थोंगसायकाका आसपासची गावं फिरून आले. "एकाचे दात पडलेत," ते म्हणाले, "आणि दुसरा तर याच्याही आधी गेला."

मालीवानचे विद्यार्थी माना खाली घालून उभे होते. "बाई, आम्ही काय गाऊ?" एका मुलीने हळूच विचारलं. त्यांना चिनी गाणी कितीतरी पाठ होती. आपलं एकही नव्हतं.

मित्रांनो, परकी भाषा खुशाल शिका. पण घरात ज्याला काही येतं, त्याचा श्वास चालू आहे तोवर त्याच्यापाशी बसा. नंतर मला काचेच्या कपाटात जपून काही उपयोग नाही.

मालीवानने मला ओठांना लावलं. कण्हल्यासारखा एकच आवाज निघाला. तिने मला शवपेटीला टेकवून ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली,

"बाबा, वाजवा ना. मी गाते."