एक साइज मोठं हेल्मेट

"एक साइज मोठं द्या," ती म्हणाली.

"हेल्मेट पाहिजे की पातेलं?" मी म्हणालो.

शनिवार होता. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती, आणि गर्दी झाली की माझ्या जिभेला जरा जास्तच धार येते. हेल्मेटं विकायला लागून मला एकतीस वर्षं झाली. लोक मला दहामिनिटवाले काका म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. आमच्या दुकानात कपाळाभोवती टेप लावल्याशिवाय हेल्मेट मिळत नाही, आणि निवडलेलं हेल्मेट घालून भिंतीजवळच्या लाकडी खुर्चीत दहा मिनिटं बसल्याशिवाय बिल होत नाही. पहिल्या मिनिटाला सगळीच हेल्मेटं बरी वाटतात हो! कुठे टोचतंय, कुठे दाबतंय, ते सातव्या-आठव्या मिनिटाला कळतं. काढल्यावर कपाळावर लाल वळ उठला, तर ते त्या डोक्याचं नव्हे. लोक वैतागतात. एक जण तर म्हणाला होता, काका, लग्न ठरवायला एवढा वेळ लागला नव्हता. मी म्हटलं, म्हणूनच चेहरा असा झालाय तुमचा. पण बसला बिचारा.

तर ही बाई. पस्तिशीची असेल. वीज कंपनीचं करडं जॅकेट, कमरेला मीटर वाचायचं मशीन, आणि डोक्याला जाड निळा स्कार्फ गच्च गुंडाळलेला.

"स्कार्फ काढा," मी टेप उघडत म्हणालो. "त्याच्यावरून माप येत नाही."

"असू दे. अंदाजाने द्या."

"अंदाजाने भाजीत मीठ घालतात, बाई. काढा तो. केस काय कुठे पळून जाणार आहेत?"

मागची दोन पोरं फिदीफिदी हसली. तीही हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. माझ्या हातातल्या टेपकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "अठ्ठावन्न द्या. बिल करा."

खुर्चीकडे बोट दाखवलं तर मान हलवून नाही म्हणाली. मलाही राग आला. म्हटलं, तुझं डोकं, तुझी मर्जी. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी टेप न लावता, दहा मिनिटं न बसवता हेल्मेट दिलं. ते तिने स्कार्फवरूनच चढवलं आणि निघून गेली.

दुपारी वर जेवायला गेलो. आमचं घर दुकानाच्या वरच आहे. जेवताना बायकोला दिवसभराचे किस्से सांगायची माझी जुनी खोड. हाही सांगितला, जरा मीठमसाला लावून. केस पळून जाण्याचं वाक्य तर दोनदा सांगितलं.

ही वाढता वाढता थांबली.

"भुवया होत्या का तिला?"

"हा काय प्रश्न झाला?"

"अहो, तुम्ही रोज भुवयांच्या वर एक बोट सोडून टेप लावता ना? मग बघितल्या असतील. होत्या का?"

आणि मला आठवलं. भुवया होत्या, पण पेन्सिलीने काढलेल्या. डावी उजवीपेक्षा किंचित वर गेलेली. पापण्यांना तर केसच नव्हते. हे सगळं मला दिसलं होतं, आणि दिसूनही मी शुंभासारखा टेप धरून उभा राहिलो होतो.

"माझ्या ताईच्या वेळी असंच झालं होतं," ही म्हणाली. "औषधांनी आधी डोक्यावरचे गेले, मग भुवयांचे. ताई घरातसुद्धा स्कार्फ सोडायची नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या जिभेला काही हाड?"

मी ताट बाजूला सारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि त्यातच दुसरी गोष्ट डोक्यात आली, ती त्याहून वाईट. तो स्कार्फ जाड होता, दोनतीन वेढ्यांचा. वर केसही नाहीत. म्हणजे आतलं डोकं पंचावन्न सेंटिमीटरच्या आतलंच. त्याच्यावर मी अठ्ठावन्नचं हेल्मेट देऊन तिला रस्त्यावर सोडलं होतं. कापडावर हेल्मेट घसरतं. गाडी पडली, तर हेल्मेट एकीकडे आणि डोकं दुसरीकडे.

"आपला मीटर वाचायला कधी येतात?"

"बारा तारखेच्या आसपास. अजून नऊ दिवस आहेत."

नऊ दिवस थांबायची माझी छाती नव्हती. वीज कंपनीच्या ऑफिसात दुपारीच गेलो. खिडकीतल्या माणसाने तक्रार काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, तक्रार माझीच आहे, माझ्याचबद्दल. त्याला काही कळलं नाही, पण तिचा त्या दिवसाचा भाग त्याने सांगितला. कापडगिरणीमागच्या चार मजली इमारती.

तिसऱ्या इमारतीच्या फाटकाशी तिची मोटरसायकल सापडली. हेल्मेट आरशाला लटकवलेलं. एरवी असं लटकवलेलं हेल्मेट दिसलं की मी मालकाला शोधून चार शब्द सुनावतो. त्या दिवशी मुकाट्याने उभा राहिलो. विसेक मिनिटांनी ती खाली आली.

"काका? बिलात काही चुकलं का?"

"बिलात नाही. मी चुकलो. सकाळी जे बोललो ते बोलायला नको होतं. मला कळायला हवं होतं, कळलं नाही. माफ करा मला."

तिने हातातलं मशीन बंद केलं. "जाऊ द्या. तुम्हाला काय माहीत."

"आता एक काम करा. ते हेल्मेट मला परत द्या. ते तुमचं नाही."

"मला मोठंच पाहिजे, काका."

"का?"

तिने मशीन कमरेला अडकवलं आणि गाडीला टेकून उभी राहिली. "सात महिन्यांनी कामावर आलेय. साहेब म्हणतात, झेपत नसेल तर राहू दे, दुसरा माणूस बघतो. मला झेपतं. पण दिवसाला चाळीस फाटकं होतात. प्रत्येक ठिकाणी हेल्मेट काढायचं, घालायचं. घट्ट असलं की काढताना स्कार्फही त्याच्याबरोबर निघून येतो. परवा एकीकडे आला. दार उघडलेल्या बाईंनी मला बघितलं आणि दार लावूनच घेतलं. मीटर आत होता. मी बाहेर उभी." तिने स्कार्फची गाठ चाचपली. "गाडीवरून पडेन तेव्हा पडेन, काका. दारं रोजची आहेत."

एकतीस वर्षांत लोकांनी मला घट्ट हेल्मेट न घेण्याची शंभर कारणं सांगितली. डोकं दुखतं, घाम येतो, केस बिघडतात. सगळ्यांना मी उडवून लावलं. हिचं कारण उडवून लावण्यासारखं नव्हतं. मग जे खरं होतं तेच सांगितलं.

"आमच्या शेजारी बेकरीवाला आहे. माझा मित्र. दुकान नवीन होतं तेव्हा त्याने असंच एक साइज मोठं मागितलं. म्हणाला, घट्ट नको, जीव गुदमरतो. मित्र म्हणून दिलं. वळणावर गाडी घसरली, तसं हेल्मेट आधीच उडून गेलं. माणूस वाचला. अजून रोज पाव भाजतो. पण मला त्याच्या भावाच्या नावाने हाक मारतो. तीस वर्षं झाली. मीही ओ देतो."

तिने आरशाला लटकवलेलं हेल्मेट हातात घेतलं.

"दुकान सोमवारी बंद असतं," मी म्हणालो. "तुम्ही या. शटर अर्धं खाली असेल. मी नको असेन तर आमची ही माप घेईल. घट्टही बसेल आणि दारात लाजही राहील, असं काहीतरी काढू. नाहीच जमलं, तर हे अठ्ठावन्नचंच वापरा, मी अडवणार नाही. तोवर मात्र गाडी सावकाश चालवा, हात जोडतो."

"बघते," ती म्हणाली. बघते म्हणजे नाही, असं मी धरून चाललो.

पण सोमवारी साडेदहाला शटरखालून वाकून ती आत आली. हिने टेप घेतली आणि मला डोळ्यांनीच वर जा म्हणून खुणावलं. मी निघालो, तर ती म्हणाली, "काकांनाच मोजू द्या. बघू तरी, त्यांची टेप किती सांगते." आणि स्कार्फची गाठ तिने स्वतःच सोडली.

मी टेपकडेच बघत होतो. भुवईच्या पेन्सिलीच्या रेघेवर एक बोट, कानांच्या वरून, मागे उंचवट्यापर्यंत. हजारो डोकी मोजली असतील, तरी आकडा दोनदा वाचला.

"चौपन्न," मी म्हणालो.

"आणि दिलंत अठ्ठावन्न," ही म्हणाली. दोघी माझ्याकडे बघून हसल्या. मला फार बरं वाटलं.

पण काम सोपं नव्हतं. एरवी केसांची थोडी गादी असते. इथे प्रत्येक शिवण सरळ कातडीला लागत होती. पहिलं हेल्मेट कपाळाला टोचलं. दुसरं कानामागे. तिसऱ्यात गाल गच्च बसले, पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम गेली, आणि मागून धरून मी पुढे ओढलं तरी जागचं हललं नाही. "हे," मी म्हणालो. पण काढताना स्कार्फ पुन्हा त्याच्याबरोबर आलाच. तिचा चेहरा उतरला.

"थांब," ही म्हणाली आणि वर गेली. माझा एक जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला बनियन घेऊन आली. तिथेच बसून तिने टोपी बेतली. अंगासरशी, एका पदराची, शिवण बाहेरच्या बाजूला, आणि कडेला आतून रुंद इलास्टिक. घालून बघितली. हेल्मेट घाल, काढ. घाल, काढ. चौथ्या वेळेला टोपी निघाली. हिने कानामागे दोन टाके टाकून इलास्टिक आवळलं. पुन्हा घाल, काढ. मी मोठ्याने मोजत होतो. वीसपर्यंत टोपी जागची हलली नाही.

"चाळीसपर्यंत मोजा," ती म्हणाली.

चाळीसपर्यंत मोजलं. एकदाही निघाली नाही.

"काकांचा बनियन आहे हे कुणाला सांगू नको," ही म्हणाली. "तुला निळ्या कापडाच्या दोन शिवून देते."

मग मी खुर्चीकडे बोट दाखवलं. ती हेल्मेट घालून बसली. आम्ही दोघं समोर. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. पाचव्या मिनिटाला काचेआड तिचे डोळे भरून आलेले दिसले. मी घाबरून विचारलं, "टोचतंय का कुठे?"

"नाही. डॉक्टर सोडून कुणी डोक्याला हात लावला नव्हता इतके दिवस."

हिने तिचा हात धरला. दहा मिनिटांची त्या दिवशी पंधरा झाली. कपाळावर वळ उठला नव्हता.

निघताना तिने विचारलं, "आणि केस आले, की हे घट्ट होईल ना?"

"झालंच पाहिजे," मी म्हणालो. "मग आतली गादी बदलायची. पातळ येते." आणि तिच्यासमोरच चौपन्नची पातळ गादी काढून पाकिटात घातली, वर 'मीटरताई' लिहिलं आणि गल्ल्याखालच्या खणात ठेवली.

त्यानंतर दर बारा तारखेला ती यायची. निळी टोपी, हेल्मेट काखेत. मीटर वाचायची, हिच्याशी दोन शब्द बोलायची, जायची. मी तब्येतीचं कधी विचारलं नाही. माझ्या तोंडावर माझा भरवसा राहिला नव्हता. चार महिने गेले. पाचव्या महिन्यात मीटर वाचायला एक मिशीवाला माणूस आला. मी त्याला काही विचारलं नाही. सहाव्या महिन्यातही तोच आला. आधीच्या बाई कुठे गेल्या म्हणून हिने विचारलं, तर तो म्हणाला, मला काय कल्पना, मला हा भाग दिलाय. खण उघडला की ते पाकीट दिसायचं. मी त्याच्यावर बिलबुकं ठेवली. दुसऱ्या दिवशी हिने ती उचलून पाकीट पुन्हा वर ठेवलं.

मग एका शनिवारी, ऐन गर्दीत, कुणीतरी मागून म्हणालं, "काका, हेल्मेट घट्ट होतंय."

वळून बघितलं. हेल्मेट हातात, टोपी नाही, स्कार्फ नाही. डोक्यावर बोटाच्या पेराएवढे कुरळे केस. भुवया दोन्ही सारख्या, स्वतःच्या.

"होतात कुठे इतके दिवस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"नदीपलीकडचा भाग दिलाय मला. मोठा आहे. साहेबांनी स्वतःहून दिला."

दुकान माणसांनी भरलं होतं. मी शटरकडे धावलो, अर्धं खाली ओढायला.

"राहू द्या उघडं," ती म्हणाली आणि लाकडी खुर्चीत जाऊन बसली.

मी टेप लावली. भुवईच्या वर एक बोट, कानांच्या वरून, मागे. चौपन्न, आणि वर अर्धा. पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

"काय हो, चुकलं का काही?"

"नाही," मी म्हणालो. "या वयात हाड वाढत नाही. हा अर्धा केसांचा."

वरून हिचा आवाज आला, "किती आलं?"

"साडेचौपन्न!" मी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्याने सांगितलं, आणि खण उघडला.