बारा किल्ल्या, अकरा डबे

मनीषनगरात मधुसूदनचा टायपिंगचा क्लास आहे. कॉम्प्युटर बारा, खुर्च्या चौदा आणि मालकाची मिजास सगळ्यांहून मोठी. वीस वर्षं पोरापोरींना कोणतं बोट कुठे ठेवायचं ते शिकवल्यामुळे जगात कुणी काय कुठे ठेवावं हे आपणच ठरवतो, असा त्याचा समज होता. घर क्लासच्या मागेच. पण स्वयंपाकघराचा उंबरठा त्याने कधी ओलांडला नव्हता. चहा बाहेर यायचा, जेवण बाहेर यायचं, आत जायच्या त्या फक्त तक्रारी.

त्या सोमवारी अकरा वाजता परीक्षा केंद्राची तपासणी होती. साहेब येणार, बाराही मशिनी पाहणार, प्रत्येकीवर परवान्याचं विंडोज आहे का आणि त्याचं लेबल आहे का ते तपासणार. एक जरी कमी निघाली तर केंद्र गेलं. आणि केंद्र गेलं की क्लास गेलाच, कारण जिथे परीक्षा तिथेच लोक नाव घालतात. वर केंद्र जाणार कुणाकडे, तर मागच्या गल्लीतल्या मनोहररावकडे. हा मनोहरराव म्हणजे मधुसूदनच्याच क्लासमधला जुना मास्तर. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्याने स्वतःचा क्लास थाटला, तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद. मधुसूदन त्या गल्लीत पाऊलही टाकत नसे. गिरणी त्याच गल्लीत, म्हणून दळण घेऊन त्याची बायको प्रेमलता जायची.

तपासणीच्या आदल्या दिवशी मधुसूदनने सगळ्या मशिनी नव्याने भरायला काढल्या. पहिली मशीन झकास तयार केली, विंडोज, मराठी फाँट, टायपिंगचं सॉफ्टवेअर, सगळं. मग तिची जशीच्या तशी प्रत, जिला त्या धंद्यात इमेज म्हणतात, बाकीच्या अकरांवर उतरवली. बारा वेळा कोण मरमर करतो? "डोकं लागते, डोकं!" असं तो रिकाम्या क्लासला म्हणाला.

सोमवारी सकाळी आठला त्याने बटणं दाबली. पहिली मशीन ठीक. बाकी अकरांच्या कोपऱ्यात फिकट अक्षरं, विंडोज ॲक्टिव्हेट करा. प्रतीबरोबर पहिलीची किल्लीही, म्हणजे विंडोजच्या परवान्याचा नंबर, सगळीकडे गेली होती, आणि एक किल्ली एकाच मशीनला चालते. प्रत्येकीला तिची स्वतःची पंचवीस अक्षरं हवी होती. हात्तिच्या! ती तर सीपीयूच्या पाठीवर चमकत्या लेबलवर छापलेली असतात. मधुसूदन गुडघ्यांवर बसला आणि दुसरीची पाठ पाहिली. कोरी. तिसरीची कोरी. बारावीपर्यंत रांगत गेला, सगळ्या पाठी धुतल्यासारख्या लख्ख.

"प्रेमलता!"

ती पदराला हात पुसत आली.

"मागचे लेबल कुठी गेले वं?"

"खंडेनवमीले काढले न."

"काढले? काहून काढले?"

"तुम्हीच म्हणले, आपलं शस्त्र म्हणजे कॉम्प्युटर, पूजेले चकाचक पाहिजे. मग खोबरेल लावून लावून काढले. एक फाटू नाही देलं."

मधुसूदनचा आवाज चौकापर्यंत गेला असेल. अक्कल गहाण ठेवली काय, मशिनीतलं तुले काय समजते, घर बुडवलं, धंदा बुडवला, जे तोंडाला येईल ते. प्रेमलताने सगळं ऐकून घेतलं.

"झालं? फेकले असं म्हणलं का मी? डब्याईले लावले. दिवाळीत सांगतलं होतं तुमाले. तुम्ही पेपर वाचून राहिले होते, हाव म्हणले."

तेव्हा कुठे मधुसूदनने वीस वर्षांत पहिल्यांदा तो उंबरठा ओलांडला. फळीवर इतवारीच्या बाजारातून आणलेले स्टीलचे एकसारखे डबे उभे होते. मीठ कुठलं न् साखर कुठली हे झाकण उघडल्याशिवाय कळत नसे, म्हणून प्रेमलताने लेबलं चिकटवून त्यांच्या कोऱ्या कडेवर पेनाने नावं लिहिली होती. चहा. तिखट. मोहरी. आणि नावाखाली पंचवीस अक्षरांची किल्ली, जशीच्या तशी.

"पहिल्या मशीनचं पहिल्या डब्याले, दुसरीचं दुसऱ्याले. लायनीनं लावले, उगाच गडबड नको."

ती डबे घेऊन क्लासमध्ये बसली आणि अक्षरं वाचत गेली, तो टाइप करत गेला.

"तिखट झालं?"

"झालं."

"आता मोहरी घ्या."

साडेनऊला साबुदाणा ॲक्टिव्हेट झाला. पावणेदहाला हरभऱ्याची डाळ. आणि फळी रिकामी झाली, कारण डबे अकराच होते.

"बारावा?"

"तो पुष्पलताकडे हाय."

"कोण पुष्पलता?"

"मनोहररावची बायको. दिवाळीत चिवडा देला होता. रिकामा डबा कोणी परत देते का? तिच्याकडं सुतक होतं, काही तळलं नाही. राहून गेला डबा."

मधुसूदनने दाराकडे बोट दाखवलं. "तू जा."

"मी नाही जात बाप्पा. देलेला डबा मांगत नसतात. मशिनी तुमच्या, तुम्ही जा."

सव्वादहाला मधुसूदनने मनोहररावचं दार वाजवलं. दार मनोहररावनेच उघडलं आणि बघतच राहिला.

"सर? तुम्ही?"

"डबा," मधुसूदन म्हणाला.

"कोणता डबा?"

त्यालाही माहीत नव्हतं. दोघंही कॉम्प्युटरचे मास्तर, आणि दोघांच्याही घरात काय चाललंय याचा दोघांनाही पत्ता नाही. पुष्पलता आतून डबा घेऊन आली. मनोहररावने तो हातात घेतला, फिरवला, लेबल पाहिलं आणि त्याच्या सगळं ध्यानात आलं. आज तपासणी आहे हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने डबा काही सोडला नाही.

मधुसूदनला त्या माणसाचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"मनोहर," तो म्हणाला, "केंद्र गेलं त मी संपलो गा. तुले चार वर्षं वाईट बोललो. चुकलं माह्यं."

मनोहररावने डबा उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "वहिनीले फोन लावा. किल्ली मी वाचतो."

त्याने एकेक अक्षर सावकाश वाचलं, तिकडे प्रेमलताने टाइप केलं, आणि मशीन झाली. मधुसूदनने डब्याला हात घातला तोच पुष्पलताने तो ओढून घेतला.

"असा रिकामा कसा नेता भाऊजी? शंकरपाळे तळून राहिली. बसा."

"वहिनी, अकराले साहेब येऊन राहिले!"

"मंग गुपचूप चहा प्या, मले घाई करू नका."

पावणेअकराला तो गरम डबा छातीशी धरून मधुसूदन पळत सुटला. गल्लीने त्याला पळताना पहिल्यांदाच पाहिलं.

तोवर प्रेमलताने अकरा डबे अकरा सीपीयूंवर मांडले होते. सरकारी माणसासमोर लेबलवर तिखट लिहिलेलं बरं दिसत नाही, म्हणून पेनाची नावंही पुसून टाकली होती.

साहेब आले. "हे काय आहे?"

"लेबल, सर."

"हे डबे आहेत."

"लेबल डब्यावर आहे, सर."

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून एकेक डबा पडद्याशी ताडून पाहिला. बाराव्याचं झाकण उघडलं, एक शंकरपाळा खाल्ला, मग आणखी दोन. "नियमात डब्याविषयी काही लिहिलेलं नाही," म्हणाले आणि सही केली.

संध्याकाळी बारावा डबा रिकामा झाला.

"हा पुष्पलताकडं गेला पाहिजे," प्रेमलता म्हणाली. "आणि भरून."

"मी करतो शिरा," मधुसूदन म्हणाला. कुणी सांगितलं नव्हतं, त्याच्याच तोंडून निघालं. तो आत गेला आणि फळीसमोर उभा राहिला. अकरा डबे, सारखेच, एकावरही नाव नाही. एक झाकण उघडलं, मीठ. दुसरं उघडलं, ठसका लागला.

"अवं, साखर कोणती हाय?"

प्रेमलता क्लासमध्ये पहिल्या मशीनवर बसून स्वतःचं नाव टाइप करत होती.

"सातव्या मशीनची," ती म्हणाली.