तोयाचे ओठ

नेलिदाने चित्र थांबवलं आणि पडद्यावरच्या मुलीच्या तोंडावर बोट ठेवलं. सात वर्षांची तोया जिन्यात उभी होती, एक हात कठड्यावर, ओठ उघडे.

"इथे शब्दच नाहीये," ती म्हणाली. "इथे नुसता श्वास आहे. इथे बदलायचं काय?"

फेर्मीनने चष्मा काढून डोळे चोळले. कार्टून मालिका त्याची होती. वाल्पाराइसो शहराच्या टेकड्यांवर वाढणारी पोरं, उभे जिने, भटकी कुत्री, सिलिंडर वाजवत येणारा गॅसवाला. परदेशातल्या एका मोठ्या चॅनलने ती घेतली होती, पण एका अटीवर. पोरांनी बोलायचं ते सगळ्या देशांत चालेल असं, कुठल्याच गावचं नसलेलं स्पॅनिश. शब्दांच्या शेपट्या गिळणारी इथली बोली नको.

"नवा आवाज आला की नवे ओठ आलेच, नेलिदा. तुला जमणार नसेल तर सेबास्तियानला देतो. तू चार दिवस घरी बस."

"सेबास्तियानला धड कोपर काढता येत नाही, तो ओठ काय काढणार?"

फेर्मीन हसला नाही.

चित्रं हलवायची तर आधी आवाज लागतो. आवाज देणारे कलाकार नंतर येतात, म्हणून तोवर स्टुडिओत जो हाताशी असेल त्याच्याकडून कच्चा आवाज करून घ्यायची पद्धत होती. शाळा सुटल्यावर आईची वाट बघत बसलेली नेलिदाची लेक कोलोम्बा हाताशी होती. तिच्या बोलण्यावरून नेलिदाने तोयाचे ओठ काढले, 'म'ला मिटलेले, 'ओ'ला गोल. कोलोम्बाला दमा होता. वाक्य मध्येच तोडून ती हवा ओढायची, आणि नेलिदाने तेही काढलं. कच्च्या आवाजातले श्वास गाळून मगच ओठ काढायचे, हे या कामात पहिल्या महिन्यात शिकवतात. नंतर पुसून टाकू, असं म्हणत ते राहून गेलं. मागच्या हिवाळ्यात कोलोम्बा गेली, आणि मग त्या चुकीला कुणी हात लावला नाही.

"मुरलेला कलाकार असेल तर या ओठांवर आवाज बसवेल," नेलिदा म्हणाली. "एकदा करून तर बघ. नाही जमलं तर मीच पुसेन सगळं."

फेर्मीनने चष्मा पुन्हा चढवला. "एकदाच," तो म्हणाला.

इर्मा मावशी राजधानीहून बसने आली, काखेत पावाची पिशवी. साठी उलटली होती, पण देशातल्या निम्म्या कार्टून-पोरांचा गळा तिचाच होता. या स्टुडिओत ती पहिल्यांदाच येत होती.

"काय रे हे तुमचे जिने! पोरांची मालिका काढताय की म्हाताऱ्यांना मारायचं कंत्राट घेतलंय? चहा टाका कुणीतरी, तोवर मी मेलेलीच आहे असं समजा."

चहा पिऊन ती काचेपलीकडे उभी राहिली. कच्चा आवाज तिने ऐकला नाही. नक्कल होते म्हणून ती तो कधीच ऐकत नसे. तिने फक्त चित्र पाहिलं, एकदा, मग पुन्हा.

"अगं बाई, हिला धाप लागते की काय? थांबा थांबा. कळलं मला."

तिने डोळे बारीक केले, खांदे वर ओढले.

"ये ना... हंऽ... लवकर ये ना... हंऽ... कुत्रं गेलं बघ!"

शब्द कुठल्याच गावचे नव्हते. पण श्वास बरोबर त्या जागी पडला, आणि त्याच्या शेवटी दम्याची एक बारीक शिट्टी होती. चित्रात शिट्टी नसते. ती मावशीने आपल्या मनाने घातली होती. नेलिदाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

आवाज टिपणारा मुलगा खो खो हसला. फेर्मीनही हसला, मग नेलिदाकडे पाहून गप्प झाला. टेबलावरच्या फोनमधून ऐकणाऱ्या चॅनलच्या बाई मात्र अजून हसत होत्या.

"काय गोड आहे हो! हे ठेवाच. प्रत्येक भागात ठेवा. जिना आला की शिट्टी. बघा, पोरं शाळेत हिची नक्कल करतील."

शाळेतली पोरं करतात नक्कल, कोलोम्बाचीही करायची. नेलिदाला ते सांगायची गरज नव्हती.

"चालेल?" फेर्मीनने फोनवर हात ठेवून हळूच विचारलं.

"छान बसलंय," ती म्हणाली. ते खरंच होतं.

निघताना इर्मा मावशीने उरलेला पाव तिच्या हातात दिला.

"हे ओठ तू काढलेस ना? कुणा पोरीवरून काढलेत, मला कळतं. मनाने असं कुणी काढत नाही. तिला सांग, मावशी म्हणाली झकास आहे. मोठी झाली की माझ्याकडे पाठव, धंदा शिकवते."

"सांगते," नेलिदा म्हणाली.

मावशी जिना उतरून दिसेनाशी होईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग पाव टेबलावर ठेवून तिने चित्र उघडलं आणि पेन उचललं.

"काय करतेस?" फेर्मीन मागे येऊन उभा राहिला. "अगं, तूच भांडलीस ना यासाठी? आणि त्यांना आवडलंय."

"त्यांना सांग, मी बिघडवलं. नवं बसवायला इर्मा मावशीला पुन्हा बोलाव. माझ्या पगारातून काप."

"नेलिदा, कच्चा आवाज नव्या आवाजाने आधीच पुसला गेलाय. हेही पुसलंस तर तिचं काही उरणार नाही."

"माहीत आहे."

त्याने बाहेर जाऊन फोनवर हलक्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

नेलिदाने पहिला श्वास पुसला. उघड्या ओठांच्या जागी एक छोटी आडवी रेघ आली. ती पुढच्या चित्राकडे गेली, मग त्याच्या पुढच्या. सगळं झाल्यावर तिने जिन्याचा प्रसंग आवाजाविना चालवून पाहिला.

ओठ मिटल्यावर तोया दमलेली दिसेना. ती रुसल्यासारखी दिसत होती, कुणाशी तरी बोलायचंच नाही असं ठरवून वर चढत असल्यासारखी. हे भुवया किंचित वर घेतल्या की सुधारलं असतं.

नेलिदाने ते तसंच राहू दिलं.