एकेचाळीस नंबरचा ड्रम

असं समज, की तुझ्या घरात चार दिवसांसाठी एकच ड्रम पाणी आहे. पिणं, स्वयंपाक, भांडी, शेळीची बादली, सगळं त्यातच. आता तो ड्रम घरातही नाही असं समज. गावच्या दूध संस्थेच्या आवारात, इतरांच्या ड्रमांशेजारी तो उभा आहे. तुला रोज सकाळी तिथे जाऊन हंडाभर पाणी आणायचं आहे. दिसतंय ना डोळ्यांसमोर? मग आता शिवकन्येची गोष्ट ऐक.

तेलगावच्या पुढे एक लहानसं गाव आहे. त्या वर्षी तिथे वैरण संपली, गुरं छावणीत गेली आणि दूध संस्थेत दुधाचे कॅन यायचे बंद झाले. आवार मोकळं पडलं होतं, म्हणून गावाने ठरवलं की टँकर तिथेच रिकामा करायचा. प्रत्येक सभासदाचा एक ड्रम. संस्थेच्या वहीत ज्याचा जो नंबर, तोच त्याच्या ड्रमावर लाल रंगाने लिहिलेला. एकाही ड्रमाला कुलूप नव्हतं. दुसऱ्याच्या ड्रमाचं झाकण कुणी उघडत नसे, इतकी साधी गोष्ट होती ती.

शिवकन्या सातवीत होती. धावण्याचा नाद तिला नुकताच लागला होता. शाळेतल्या पंडित सरांनी तिला अंबाजोगाईच्या स्पर्धेसाठी निवडलं आणि बजावून सांगितलं, "बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय जरा फुगलेला असतो. अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. रंग बघू नकोस. जाड सुती मोजे घाम धरतात, त्यानं फोड येतात. अंगातले कपडे घरचेच चालतील, फक्त सैल हवेत. बाकी काही लागत नाही."

आई केसरबाई तिला घेऊन बाजाराला गेली. शिवकन्येच्या मापाचे बूट दुकानात होते, पण करड्या रंगाचे. पांढरेशुभ्र, गुलाबी पट्टीचे बूट एक नंबर लहान होते. तिने तेच पायात घातले आणि बोटं आत दुमडून घेतली.

"टोचत न्हाईत ना गं?" आईने विचारलं.

"न्हाई. लई मऊ हायत."

गुरुवारी सरावाला गेली तेव्हा बोटं ठणकायला लागली. तिने कुणाला सांगितलं नाही. परतताना ती संस्थेच्या आवारातून आली. टँकर नुकताच येऊन गेला होता आणि त्याची नळी गळली तिथे काळा चिखल साचला होता. पाय घसरला आणि दोन्ही बूट घोट्यापर्यंत चिखलात गेले.

शुक्रवारी दुपारी चिखल वाळून बुटांना चिकटला होता. तिने फडक्याने पुसलं, काडीने खरवडलं. गुलाबी पट्टी दिसेचना. उद्या सकाळी अंबाजोगाई. तिथल्या मुली आपल्या पायांकडे बघून हसणार, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. आवारातल्या आपल्या ड्रमातलं पाणी घेता येत नव्हतं, कारण आईने आतून खिळ्याने रोजच्या पाण्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या.

आवारात कुणी नव्हतं. अगदी टोकाला, भिंतीच्या आडोशाला एकेचाळीस नंबरचा ड्रम होता. तो भिवराबाईचा. भिवराबाई एकटी राहायची. एकट्या माणसाला असं किती पाणी लागतं, असं शिवकन्येने स्वतःला समजावलं. एकटी म्हणून भिवराबाईच्या वाट्याला मुळात अर्धाच ड्रम पाणी आलं होतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या वेळी तिने ते आठवू दिलं नाही.

एका बादलीत चिखल निघाला. दुसरीत साबण लावला. फेस राहिला म्हणून तिसरी घेतली. मग चौथी. बूट पांढरे झाले. शेवटची बादली काढताना ती ड्रमाच्या तळाला खरडली, तो आवाज शिवकन्येने ऐकला आणि झाकण लावून निघून गेली.

शनिवारी सकाळी सरांची जीप आवाराबाहेर थांबली. शिवकन्या पांढरे बूट घालून आईसोबत आली. बायका हंडे घेऊन जमल्या होत्या. भिवराबाई आपल्या ड्रमात वाकून बघत होती, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली होती.

"काय मामी, आत काय घावलं का?" सरूबाईने हाक मारली.

"पाणी न्हाई गं."

"न्हाई म्हंजी? परवाच तर टँकर आलता! पाव्हणे आलते काय गुपचूप? सगळ्यांनी मिळून आंघोळी केल्या का?"

बायका हसल्या. सिंधुबाई म्हणाली, "सिदूच्या शेरडांनी पेलं आसंल. त्याची शेरडं मोकाट असत्यात."

"झाकण काय शेरडू उघडतंय व्हय!" सिदू पलीकडून ओरडला. "उगा माझं नाव कावून घेता?"

"नका बाई, कुणाचं नाव घिऊ नका," भिवराबाई घाईघाईने म्हणाली. "माझंच ध्यान ऱ्हात न्हाई आता. म्याच सांडलं आसंल कवातरी."

संस्थेचे सचिव आप्पाराव वही घेऊन बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाले, "मामी, तुमाला आता झेपना. सोमवारपसून तुमचं पाणी सरूबाईच्या ड्रमात टाकू. तिच्याकडून रोज हंडा घेत जा. हा ड्रम काढून ठेवू."

भिवराबाईने एकदा ड्रमावरच्या लाल आकड्याकडे पाहिलं. तो नंबर तिच्या मालकाचा होता. दारात चार म्हशी होत्या तेव्हाचा. आता स्वतःच्या पाण्यासाठी रोज दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. पदर तोंडाशी धरून भिवराबाईने मान खाली घातली, जणू चोरी तिनेच केली होती.

शिवकन्येचे कान तापले. सगळ्या आवारात तिचे बूट तेवढे पांढरे होते. कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

जीपचा हॉर्न वाजला. "शिवकन्ये, चल! उशीर होतोय!" सरांनी हाक मारली.

आईने तिच्या पाठीला हात लावला. "जा की. कावून थांबलीस?"

गेली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मुला, हे तिलाही पक्कं ठाऊक होतं.

ती आप्पारावांसमोर गेली. एकदम म्हणाली, "मामीनं न्हाई सांडलं. म्या घेतलं. बूट धुयाला. चार बादल्या."

सरूबाईच्या हातातला हंडा तसाच राहिला. केसरबाईचा हात वर उठला, आणि तिथेच थांबला.

"बूट धुयाला?" भिवराबाई एवढंच म्हणाली. ती रागावली नाही. रागावली असती, तर शिवकन्येला मान वर करता आली असती.

आप्पारावांनी वही मिटली.

शिवकन्येने आईकडे पाहिलं. "आये, आपल्यातलं देऊ का?"

केसरबाई आवारातल्या आपल्या ड्रमाजवळ गेली आणि तिने स्वतःच झाकण काढलं.

शिवकन्येने बादली भरली. लहान बुटात बोटं दुखत होती म्हणून पाय ओढत, सगळ्या बायकांच्या मधून ती चालत गेली. एक थेंबही न सांडता तिने बादली एकेचाळीस नंबरच्या ड्रमात ओतली, आणि दुसरी भरायला परत फिरली.