मेंढीची शेपटी आणि वरचा कप्पा

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. जिभा आत घ्या, माझ्यात आइस्क्रीम कधीच नव्हतं. स्फाक्स या अरबी बंदरशहरातल्या एका प्रयोगशाळेत मी उणे ऐंशी अंशांवर उभा असायचो आणि माझ्या पोटात, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांमधून, बायका असायच्या. म्हणजे त्यांच्या स्तनांतून काढलेल्या गाठींचे मुगाएवढे तुकडे. मी मात्र त्यांना बायकाच म्हणतो. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर कुणाला तुकडा म्हणवत नाही.

मी जहाजातून आलो. जिन्यावरून चढवताना हमालांनी मला ज्या शिव्या दिल्या, त्या सोडल्या तर माझ्याशी थेट कुणी फारसं बोललेलं नाही. डॉक्टर जलीला तेवढ्या बोलायच्या. सकाळी आल्या की माझ्या दारावर टिचकी मारून म्हणायच्या, "काय रे, सगळ्या ठीक?"

त्यांचं काम तुम्हाला सोपं करून सांगतो. आपल्या पेशींत कोलेस्टेरॉलची एक चूल असते. ती कधी पेटवायची, कधी विझवायची, बाहेरून किती माल आणायचा, हे काही जनुकं ठरवतात. पेशीच्या भिंतीला कोलेस्टेरॉल लागतंच; ते बिचारं मुळात गुन्हेगार नव्हे. पण गाठ वाढते म्हणजे सारख्या नव्या भिंती उभ्या राहतात आणि काही गाठींत ती चूल विझतच नाही. कोणती जनुकं ती पेटती ठेवतात, आणि पेशी स्तन सोडून दुसरीकडे संसार थाटायला निघते तेव्हा त्यांतली कोणती तिला वाट करून देतात, हे जलीलाबाई शोधत होत्या. त्यासाठी त्यांना एकाच बाईचे दोन तुकडे हवे होते, स्तनातला एक आणि गाठ जिथे पसरली तिथला एक. अशी जोडी क्वचितच मिळायची.

ती मबरूकाने दिली.

मबरूका लग्नाच्या मिठाया करायची. ऑपरेशनच्या आधी तिने हट्टाने मला पाहून घेतलं. "मी राहणार कुठे, ते तरी बघू दे." दारावर तळहात ठेवून म्हणाली, "अगं बाई! एवढी थंडी? याला एखादी शाल तरी घाला."

मग आवाज खाली आणून तिने जलीलाबाईंना विचारलं, "पोरी, माझी नणंद गावभर सांगत फिरते की मी मेंढीच्या शेपटीची चरबी चापून खाल्ली, म्हणून हे झालं. खरं का गं?"

"अजून माहीत नाही, खाला. शोधतेय."

"मग नीट शोध. मी मेले तरी चालेल, पण नणंद बरोबर निघता कामा नये."

पहिला तुकडा खालच्या कप्प्यात आला. पुढे गाठ यकृतात गेली, तिथला तुकडा वरच्या कप्प्यात आला, दाराजवळ. त्यानंतर मबरूका आली नाही. तिचा तळहात मात्र माझ्या दारावरून गेलाच नाही. दार पुसलं की तो आणखी गरम लागायचा.

मग मोठी ईद आली, घरोघरी मेंढा कापायची. आम्ही स्फाक्सची माणसं काही वाया घालवत नाही, अशी आमची ख्याती आहे. प्रयोगशाळेचे प्रमुख सी मुन्सिफ ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'साहेब') यांच्या घरचा फ्रीज सासूबाईंच्या मेंढ्याने भरला होता. त्यांच्या स्वतःच्या मेंढ्याची शेपटी, सगळी चरबीच, उशीएवढी, पांढरी शुभ्र, पिशवीत घालून ते माझ्यापुढे उभे राहिले.

"एवढी थंडी नुसती पडून आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "दोन दिवसांनी काय बिघडतंय!"

शेपटी वरच्या कप्प्यात गेली. दार लागलं, पण पिशवीचा एक कोपरा रबरात अडकला. सी मुन्सिफ दुपारच्या नमाजाच्या गडबडीत होते. दार हाताने दाबून बघायचं राहून गेलं.

मी बोंबललो, मित्रांनो. माझी घंटा सारखी वाजत होती. मोहल्ल्यात मांस भाजल्याचा वास होता, पहारेकरी आपला मेंढा कापायला घरी गेला होता, आणि अंगणातल्या मांजरांखेरीज ऐकायला कुणी नव्हतं. वरच्या कप्प्यातला बर्फ तडतडायला लागला. फार हलका आवाज असतो तो. भिंतीपलीकडे बायका कुजबुजाव्यात तसा. मग एकेक आवाज बंद झाला.

सुट्टीनंतर जलीलाबाई आल्या आणि टिचकी न मारता तशाच उभ्या राहिल्या. सी मुन्सिफ पिशवी छातीशी धरून म्हणाले, "अहो, एकदाच ठेवली होती. चरबी तर अजून घट्ट आहे, बघा ना."

"सर," जलीलाबाई म्हणाल्या, "तिच्या शेजारी मबरूका होती."

खालचा कप्पा वाचला. त्या तुकड्यातून जलीलाबाईंनी जनुकांचं वाचन केलं. वितळलेल्या नळीत वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मबरूकाची मुलगी समाह खजुराच्या वड्या घेऊन आली. "आत्या अजून तेच म्हणते. आता तर मलाच धाक घालते, तू पण खा, तुझंही तेच होईल. काय सांगू तिला?"

"सांग, तुझ्या आईच्या गाठीतल्या पेशी आपली चूल आपणच पेटवून बसल्या होत्या. ताटातल्या चरबीने त्यात फुंकर घातली की नाही, हे एका तुकड्यावरून मला सांगता येत नाही. आत्यालाही येत नाही."

समाह हसली आणि डोळे पुसत म्हणाली, "मग गाठ यकृतात कशी गेली?"

जलीलाबाईंनी माझ्या वरच्या कप्प्याकडे पाहिलं. सी मुन्सिफ दारात होते. त्यांनी टोपी काढली. "ते उत्तर गेलं, पोरी. माझ्या हातून गेलं."

समाहने वड्यांचं ताट टेबलावर ठेवलं. त्या दिवशी कुणी वडी खाल्ली नाही.

आता मी बोळात उभा आहे. माझी वायर कापली आहे आणि माझ्या पोटात झाडू ठेवतात. दरवर्षी ईदच्या आदल्या दिवशी सी मुन्सिफ काठी टेकत येतात. झाडूच आहेत, हे त्यांना माहीत आहे. तरी नेमका मबरूकाच्या तळहाताच्या जागी आपला हात ठेवून दार दाबून बघतात. लागलेलं असतं. पुन्हा एकदा दाबतात.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. दार लावलंत की एकदा हाताने दाबून बघा. आत कुणीतरी असतं.