अकरा पायऱ्या

प्रमोदिनीने लेकीची, निधीची गुंडाळलेली चटई काखेत धरली आणि पाळणाघराचा जिना चढता चढता हिशोब पुरा केला. खालची तान्ह्यांची खोली चारला बंद होई, वरची मोठ्यांची सहाला. रोजचे दोन तास, आठवड्याचे बारा. विमानांच्या सरकारी कारखान्यातल्या नव्या चाचणी विभागात पूर्ण दिवस थांबणारा माणूस हवा होता आणि साहेबांना येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी उत्तर हवं होतं. आज मंगळवार. आज धरून मधे अकरा कामाचे दिवस.

जिन्याला पायऱ्याही अकराच होत्या.

इंदिरानगरातलं हे पाळणाघर चालवणाऱ्या श्यामलाअक्कांची रीत ठरलेली होती. मूल वरच्या खोलीत गेलं, की खालची आया पहिल्या दिवशी सगळ्यात वरच्या पायरीवर बसायची. मुलाला वाटेल तेव्हा बाहेर येऊन तिला बघून जावं. दुसऱ्या दिवशी आया एक पायरी खाली. अशी शेवटच्या पायरीपर्यंत.

"आणि मूल रडलं तर?" प्रमोदिनीने विचारलं.

"तर आया परत वर. पहिल्यापासून."

निधी तीन वर्षांची. आठ महिन्यांची असल्यापासून ती यल्लव्वाच्या मांडीवर वाढलेली. यल्लव्वा बेळगावकडची, मांडी ऐसपैस आणि मराठी कामापुरतं. ती तांदळाचं ताट घेऊन वरच्या पायरीवर बसली. पहिल्या दिवशी निधी नऊ वेळा बाहेर आली, दुसऱ्या दिवशी सहा. रडली मात्र नाही. हे आकडे प्रमोदिनी रोज चार वाजता यल्लव्वाकडून घेई. अजून तरी ती चारलाच येत होती.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी ती जेवणाच्या सुट्टीतच येऊन धडकली. आठवा दिवस. यल्लव्वा सातव्या पायरीवर होती. प्रमोदिनीने वरून पुन्हा मोजलं.

"यल्लव्वा, काल सातवी होती ना? मग आजही सातवीच?"

"गुडघा धरलाय अक्का, स्वल्प."

"मग खाली बसलीस तर तेवढंच कमी चढायचं."

यल्लव्वाने ताटातले तांदूळ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला केले.

"आज किती वेळा बाहेर आली?"

"आली की वो. चार डाव."

वरच्या खोलीच्या दारात आसावरीटीचर उभ्या होत्या. त्या सहज बोलून गेल्या, "निधी? छे! सोमवारपासून एकदाही नाही. बोलावलं तरी येत नाही."

प्रमोदिनीने ताटाकडे पाहिलं. त्यात एक खडा नव्हता. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते.

श्यामलाअक्कांच्या कानावर घालता आलं असतं. पण मग चौकशी, बोलाचाली, यल्लव्वाचं रडणं, आणि त्यात आणखी एखादा दिवस गेला असता. प्रमोदिनीला दिवस परवडण्यासारखे नव्हते.

"सरी, ठीक," ती यल्लव्वाच्याच कानडीत म्हणाली. "उद्या नववी. आजची भरून काढायची."

"हूं."

गुरुवारी यल्लव्वा नवव्या पायरीवर होती, शनिवारी अकराव्या. सोमवारी चारला जिना रिकामा होता. प्रमोदिनीने ते पाहिलं नाही. ती चाचणी विभागात होती. सकाळीच साहेबांना होकार देऊन बसली होती.

ती आली सहाला पाच कमी असताना. वर निधी ठोकळ्यांत गुंतलेली.

"निधी, चल. आई आली."

निधीने मान वळवली, उठली, दारापर्यंत आली आणि आईचं बोट धरून तिला जिन्याकडे घेऊन गेली.

"तू इथं बस."

"इथं? अगं, घरी जायचंय ना?"

"मी खेळते. तू बस." मग समजूत घातल्यासारखी म्हणाली, "उद्या ह्याच्या खाली बसायचं हं. रडायचं नाही."

आणि ती आत गेली.

प्रमोदिनी पर्स मांडीवर घेऊन वरच्या पायरीवर बसली. खाली यल्लव्वा, खांद्यावर एक नवं तान्हं थोपटत, घरी न्यायला येणाऱ्यांची वाट बघत होती. चारची वेळ टळून सहा वाजत आले तरी ते आले नव्हते. तिने वर पाहिलं.

"बसा अक्का," ती म्हणाली. "त्या पायरीवरनं आतलं समदं दिसतंय."

प्रमोदिनीने सवयीने मोजलं. यल्लव्वाच्या अकराही पायऱ्या चुकत्या झाल्या होत्या. तिच्या स्वतःच्या अजून दहा बाकी होत्या.