मोहिनीच्या पोटातला जंतू

मी मोहिनीच्या आतड्यातला एक जीवाणू बोलतोय. नाक मुरडू नका, तुमच्याही पोटात आमचे भाऊबंद नांदताहेत. आम्ही एकाचे दोन होत वाढतो. आजा कोण नि नातू कोण, सांगता येत नाही. म्हणून सगळ्या कुळाच्या वतीने मीच बोलतो.

मोहिनी सत्त्याण्णव साली पिंपळगाव बसवंतला जन्मली. तिची आई ललिता, तिच्याकडूनच मी पोरीच्या पोटात आलो. बारशाला झबली आली, वाळे आले. आमची कुणी दखल घेतली नाही.

पोर सहा महिन्यांची झाली आणि गालांवर, मग कोपरांच्या आतल्या घडीत इसब उठलं. खाजवून खाजवून लस यायची. ललिता तिच्या हातांत मोजे घालून ठेवायची.

"पोटुशी असताना लय वांगी खाल्लीस, त्याचं फळ हाय हे," सासू वत्सलाबाई म्हणाल्या. ती वांगी त्यांनीच आग्रहाने वाढली होती.

ललिताने जंतूंशी युद्ध पुकारलं. दिवसभर फरशी पुसायची, पोरीला अंगणात उतरू द्यायची नाही. साधी सर्दी झाली, तरी मोहिनीचे वडील सुनील मेडिकलमधून अँटिबायोटिकची बाटली आणायचे. "स्ट्राँग द्या," असं बजावून. सर्दीचे विषाणू त्या औषधाला भीक घालत नसत. मरायचो आम्ही. इसब मजेत होतं.

शेवटी नाशिकच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मलम दिलं, अंघोळ झाल्याझाल्या अंगाला क्रीम चोळायला सांगितलं, आणि सर्दीला ती बाटली बंद केली.

"पोटातल्या चांगल्या जंतूंचा नि इसबाचा काही संबंध असावा, असं संशोधन चाललंय. नक्की अजून सांगता येत नाही."

"चांगले जंतू?" सुनीलना हसू आवरेना.

ललिता हसली नाही. "मॅडम, मी वांगी खाल्ली म्हणून झालं का हे?"

"नाही हो. तुमची काही चूक नाही."

ललिता पदर तोंडाला लावून रडली. इतक्या वर्षांत हे तिला कुणीच म्हटलं नव्हतं.

पहिलीत जाईपर्यंत मोहिनीची कातडी निवळली. वत्सलाबाईंनी श्रेय देवीच्या नवसाला दिलं, सुनीलनी महागड्या मलमाला. माझं म्हणाल, तर मलाही ठाऊक नाही. पुष्कळ पोरांचं इसब वयाबरोबर आपोआपही जातं. पण कुणी हार घातला असता, तर मी नाही म्हटलं नसतं.

आता दोन हजार सात साल आहे, ती चौथीत आहे. काल बाईंनी तक्ता करून आणायला सांगितला: 'जंतू, आपले शत्रू.' मोहिनीने आम्हाला शिंगं काढली, सुळे काढले, लाल डोळे रंगवले. दुपारभर ओणवी होऊन रंगवत होती, आणि एकदाही खाजवायला थांबली नाही.

तिचा गैरसमज दूर करायला कुणी जाऊ नका. शिंगं आम्हाला छान दिसतात.